गॅरेजातले भटजी

बिघडलेल्या गाडीत शिरताना दुसरे मेकॅनिक हातात पाना घेतात. आमचे भटजी पेटलेली उदबत्ती घेत. दार उघडायचं, सीटवर मांडी घालून बसायचं, गाडीतला पंखा चालू करायचा आणि डॅशबोर्डवरच्या वारा येणाऱ्या जाळ्यांसमोरून ती उदबत्ती इतकी सावकाश फिरवायची, की बाहेर उभ्या गिऱ्हाइकाने नकळत चपला काढून हात जोडावेत. किन्हवलीच्या एका पाहुण्याला तसं करताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. भटजींनी आतूनच त्याला सांगितलं, "अवो, पूजा नाय चालली. धूर कुठं जातोय त्ये बघतोय."

या उदबत्तीमुळेच नाव पडलं. नाहीतर घर सापगावचं, भातशेतीचं. पूजा सांगणं राहू द्या, गणपतीची आरतीसुद्धा दुसऱ्या कडव्याला अडखळायची. त्यांचं पाळण्यातलं नाव मला ते गेल्यावर कळलं. सापगावच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. इंजिन, ब्रेक, टायर यांना ते हात लावत नसत. "त्याला लय हुशार लोक हायेत," म्हणायचे. त्यांचं काम एकच. गाडीत वारा येत नसेल तर तो आणून द्यायचा.

उदबत्तीच्याही आधी कान. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की हे डोळे मिटून घेत, आणि नवख्या माणसाला वाटे, झालं, बाबा झोपला! मग पंखा एकवर, दोनवर, तीनवर, चारवर. चारही वेळा मुका राहिला तर आधी फ्यूज बघायचा. नुसता चारवर बोलला तर दोष वेगळा. आणि आवाज नीट येतोय पण वारा नाही, तर पंखा निर्दोष. वाट कुठेतरी अडलीय. इथे बाकीचे लोक पंख्याची मोटरच बदलून मोकळे होतात, त्याचा भटजींना भारी राग. "मानूस आतून वरडतोय, पन दार बंद म्हनून आयकू येत नाय. तर दार उघडावं का मानूस बदलावा?"

दुसरी गोष्ट खिडकीची. एसी चालत नाही म्हणून आलेला माणूस चारी काचा गच्च बंद करून आलेला असे. भटजी मागची एक काच दोन बोटं खाली करत. "जुन्या हवेला जायाला वाट द्या, मग नवीला बोलवा." कित्येकदा एवढ्यानेही फरक पडायचा आणि तोंड वेंगाडून आलेलं गिऱ्हाईक लाजून हसत परत जायचं.

एकदा मुरबाडकडचे एक पुढारी पांढरीशुभ्र, लांबलचक गाडी घेऊन आले. बरोबर चार माणसं. मागच्या सीटवर वाराच येत नाही, गाडी फसवून विकली, असा आरडाओरडा. भटजी मागे बसले, जाळीशेजारचं छोटं चाक बोटाने फिरवलं आणि वारा सुरू झाला. चाक बंद होतं, बस. पुढारी अजून बाहेर तावातावाने बोलतच होते. भटजींनी ते चाक पुन्हा बंद केलं, खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटं आत वाकून उभे राहिले. मग जाऊन चाक उघडलं. "झालं साहेब." मी तिथेच होते. नंतर मी म्हटलं, "भटजी, हे खोटं नाही का झालं?" तर म्हणतात कसे, "मी काय बोललो? नुसता उभा राह्यलो. चार मानसांदेखत त्याचं त्वांड कशाला पाडायचं?"

कारण खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा हट्टच होता. पेढ्यांचा एक रिकामा डबा ते जवळ ठेवत. गाडीतून जे निघेल ते त्यात घालायचं आणि गिऱ्हाइकाला उघडून दाखवायचं. सुकी पानं, बसचं तिकीट, कंगव्याचा तुकडा, मेलेली पाल. एका नव्या नवरीचं हरवलेलं कानातलंही त्या डब्यात सापडलं होतं, आणि तिच्या सासूचा मोलकरणीवरचा संशय फिटला होता. डबा दाखवल्याशिवाय ते गाडीची चावी परत देत नसत. "डोळ्यांनी बघा. माझ्या त्वांडावर इश्वास ठेवू नका."

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मात्र भांडणातून. मी डोळखांबकडच्या आरोग्य केंद्रात नर्स. पाड्यापाड्यांवर फिरून माझी जीभ तिखट झाली असं लोक म्हणतात. खोटं आहे, ती जन्मापासूनच तशी आहे. लग्न, सासर हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं तसं गेलंही. घरात राहिलो दोघं, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. भात झोडून झालं की उरलेले महिने ते खडीच्या मशीनवर जायचे. वर्षानुवर्षं दगडाची धूळ खाल्ली आणि म्हातारपणी छातीने त्याची वसुली सुरू केली. दर तिसऱ्या गुरुवारी त्यांना कल्याणला छातीच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. त्यासाठीच मी जुनी लाल गाडी घेतली होती.

त्या उन्हाळ्यात गाडीतला वारा बंद झाला. काचा उघडाव्यात तर डंपरची धूळ आत, आणि आबांचा खोकला थांबता थांबेना. काचा बंद कराव्यात तर जीव गुदमरे. वर गाडीत एक आंबूस, कोंदट वास. एका गॅरेजवाल्याने एसीचा गॅस भरला. दुसऱ्याने मोटर बदलली. वारा नाहीच. मुरबाड येईपर्यंत आबांचे ओठ निळसर दिसायला लागत. एका गुरुवारी घरी परतल्यावर आबा ओटीवर टेकले आणि म्हणाले, "बाय, आता बास. त्या डब्यात मला नको घालू. घरीच मरंन, सुखानं मरंन." बस म्हणाल तर बसमध्ये उभं राहायची ताकद नव्हती. म्हणजे गाडीत वारा आला नाही तर आबांचं औषधपाणी बंद, इतकं ते सरळ होतं.

तशी मी भटजींच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि आधीच्या दोन गॅरेजवाल्यांचा सगळा राग त्यांच्यावर काढला. तुम्ही सगळे मेकॅनिक चोर, इथपासून सुरुवात. भटजी डोळे मिटून ऐकत होते. मी दमल्यावर म्हणाले, "सिस्टर, पेशंट आला की तुमी आधी काय करता?"

"छाती ऐकते."

"मंग मला बी आयकू द्या की."

ते उदबत्ती पेटवायला लागले तशी मी पुन्हा भडकले. "अहो, माझ्या बापाला दमा आहे! त्याच्या गाडीत धूर?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, एवढ्याने काय होतं. भटजींनी ती उदबत्ती तिथेच मातीत विझवली. आत जाऊन पतंगाचा पातळ कागद आणला, त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि एकेका जाळीसमोर धरल्या. पंखा चारवर घोंघावत होता आणि पट्टी हलत नव्हती. "पंखा बेस फिरतोय. मोटर उगाच बदलली तुमची. वाट अडलीय." मग गाडीबाहेर येऊन काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, जिथून बाहेरची हवा आत शिरते तिथे पट्टी धरली. तिथेही ती मेल्यासारखी लोंबत राहिली.

त्यांनी समोरचा कप्पा सोडवला. त्यामागची हवेची गाळणी बाहेर काढली तर ती गाळणी कसली, वीटच! कोंडा आणि माती घट्ट बसलेली. तिच्याही मागे बाहेरची हवा आत आणणारा बोगदा. भटजींनी हात घातला आणि मूठ बाहेर काढून माझ्यासमोर उघडली. भाताच्या पेंढ्याच्या काड्या, कुरतडलेलं फडकं, उंदराच्या लेंड्या. उंदराने घर केलं होतं. आणि त्या सगळ्यात मिसळलेल्या झेंडूच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या आणि लाल तांदूळ.

"दसऱ्याला गाडीला अक्षता कोन वाहतं?" भटजींनी विचारलं.

"आबा."

"चिमूटभर?"

"मूठभर. कधी ओंजळभर. शेतात लवकर पिकणाऱ्या पहिल्या हळव्या भाताचे तांदूळ, कुंकू लावून." बोलता बोलता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॉनेट उतरतं, त्यावरून अक्षता घरंगळतात, रस्त्यावर पडतात, कुणाच्या पायाखाली येतात. म्हणून आबा त्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खालच्या फटींत घालायचे. फुलंही तिथेच खोचायचे. "हितं ऱ्हातात गो, उडत नाय," असं मला कौतुकाने दाखवायचे. जुन्या गाडीची आतली जाळी केव्हाच तुटलेली. आबांचे तांदूळ दरवर्षी आत उतरत होते आणि त्या वासावर उंदीर मागोमाग.

माझं डोकं फिरलं. "आता घरी जाऊन सांगतेच त्यांना! स्वतःच गाडी बंद पाडायची आणि वर म्हणायचं मला डब्यात घालू नको!"

"सिस्टर, नका सांगू." भटजींचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "त्यांनी तुमच्यासाठी वाह्यलंय ह्ये. त्यानंच तुमचा दम कोंडला म्हनून सांगनार? मंग त्ये गाडीत बसायचे नाय आन देवापुढं बी हात जोडायचे नाय."

त्यांनी तो बोगदा ब्रशने घासला, धुतला, वाळवला. त्या घाणीतून अक्षता आणि पाकळ्या वेगळ्या केल्या. तासभर तरी ते एवढंच करत होते. गॅरेजमागच्या आंब्याच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात ठेवल्या. मग डासांसाठी खिडकीला लावतात ती बारीक तारेची जाळी कापून काचेखालच्या फटींत बसवली, ओढली की निघेल अशी. पंखा लावला. पतंगाची पट्टी सटकन उडून मागच्या सीटवर गेली. मला रडूच फुटलं.

पुढच्या गुरुवारी कसंबसं समजावून आबांना गाडीत बसवलं. वाटेत गॅरेजशी थांबलो. आबांनी विचारलं, "काय झालतं रं गाडीला?" पेढ्यांचा डबा भटजींच्या पायाशीच होता. त्यांनी तो हळूच पायाने मागे सरकवला. "मोटर दमली व्हती आबा. जुनी झालती." बोलताना बघत होते रस्त्याकडे. कान लालबुंद. खोटं बोलायची सवयच नव्हती, ते धड जमलंही नाही. पण आबांनी मानलं. त्या दिवशी ते मुरबाडपर्यंत छान झोपले, आणि नंतर एकही गुरुवार चुकला नाही.

दसरा आला. मी आदल्या दिवशी लसीकरणासाठी चार पाडे पायी फिरून आले होते, सकाळी पुन्हा ड्यूटी. आबा ताट घेऊन अंगणात आले, थांबत थांबत, दम खात. मूठभर अक्षता उचलल्या आणि नेमका हात वायपरखाली नेला. जाळी होती. मला माहीत होतं जाळी आहे. तरी माझी जीभ सुटली. "बास करा आबा! तुमच्या या तांदळांनीच गाडी बंद पडली होती! उंदरांनी घर केलं होतं आत! तुमचा जीव तुम्हीच घेत होतात!" हे सगळं मी बोलले. रोज चाळीस माणसांशी गोड बोलायचा पगार घेणारी मी, माझ्या बापाला हे बोलले.

आबांनी मूठ ताटात रिकामी केली. एक दाणा बोटाला चिकटला होता तोही ताटात झटकला. आत गेले. गुरुवारी गाडी दारात लावली तर म्हणाले, "नको. माझी सावली नको त्या गाडीवर." तीन आठवड्यांनी त्यानंतरचा गुरुवारही तसाच गेला. औषध संपत आलं. त्यांच्या छातीला नळी लावली की आत काय चाललंय ते मला स्वच्छ ऐकू येई, आणि हात जोडून विनवलं तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

शेवटी भटजींकडे गेले आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी खाणार. ते म्हणाले, "जीब हाय, सुटते." भर दुपारी गॅरेजचं दार ओढलं आणि स्कूटर काढून माझ्या गाडीमागे निघाले.

ओटीवर आबा बसले होते. भटजी खाली, जमिनीवर त्यांच्या पायाशी बसले. "आबा, मी तुमच्यासंगं खोटं बोललो. साऱ्या जल्मात गिऱ्हाइकाला डबा दावला, तुमालाच नाय दावला. माफी करा."

आबा पुढे वाकले. "तू का माफी मागतंस रं? चूक माझी."

"चूक जाळी नव्हती त्याची. आता हाय. चला, दावतो."

आबांना हाताला धरून अंगणात आणलं. मला आतून तांदूळ आणायला लावले. आबांच्या मुठीत भरले. "टाका. नेहमीच्या जागी टाका." आबा टाकेनात. भटजींनी खालून आपला हात लावला, तेव्हा मूठ उघडली. मग भटजींनी जाळी अलगद ओढून बाहेर काढली आणि सगळे तांदूळ आबांच्या ओंजळीत ओतले. "एक दाना बी आत गेला नाय. मोजून घ्या." आबा हसले, हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "बाय, गुरवारी किती वाजता निघायचं?"

ही गोष्ट मी कुणाला फार सांगितलेली नाही, कारण तिच्यात मी चांगली दिसत नाही. मी आजही चिडते. पण पेशंट तक्रार सांगत असला की मी आता डोळे मिटून ऐकते, मध्ये बोलत नाही, आणि नव्या पोरी मला हसतात.

या वर्षी पावसाळा सरता सरता भटजी गेले. सकाळी चहा पिऊन गॅरेज उघडायला निघाले आणि दारातच बसले, ते बसलेच. निरोप आला तेव्हा मी आबांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा, मी जाऊन येते. आबांनी ऐकलं नाही. टोपी घातली आणि गाडीशी जाऊन उभे राहिले.

आम्ही पोचलो तोवर भटजींना नेलं होतं. पडवीत त्यांची बायको चार बायकांत बसली होती. आबा तिच्यासमोर खाली टेकले. तेव्हा एका दमात तीन-चार शब्दांपलीकडे त्यांना बोलता येत नसे. थांबत थांबत म्हणाले, "वयनी, चूक माझी व्हती. आन माफी मागायला... हा माझ्या घरी आलता. म्हनून मी... आज हितवर येऊ शकलो." वहिनींनी डोळ्याला पदर लावला. आबा तिथेच, दम परत येईपर्यंत, त्यांच्यासमोर बसून राहिले.

परत निघालो. किन्हवलीच्या अलीकडे मला रस्ता दिसेनासा झाला, इतकं डोळ्यांत पाणी. गाडीतल्या चारही जाळ्या मी नेहमी त्यांच्याकडे वळवून ठेवते, माझ्याकडे एकही नसते. आबांनी हात पुढे केला, मधली जाळी खटखट करत माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "तुला बी लागू दे गो वारा."